या हप्त्यात वाट पाहण्यालायक

शुक्रवार होता. शाळेत तिसरा तास चालू होता, सातवीच्या वर्गाला मी घागरीचं चित्र काढायला बसवलं होतं, आणि टेबलावर पालथा ठेवलेला फोन थरथरत कडेपर्यंत सरकत आला. अमरावतीहून शोभावहिनींचा. मी कापला. पुन्हा आला, पुन्हा कापला. तिसऱ्यांदा व्हरांड्यात जाऊन उचलला, तोही वैतागूनच. वहिनी रडत नव्हत्या. "नंदाताई, गेले हे. सकाळी सहाले," एवढंच म्हणाल्या. अशा वेळी काय काय वाटलं ते लोक फार छान लिहितात. माझ्या मनात पहिल्यांदा आलं ते हे, की आज शुक्रवार, मग आजची पाटी लिहायची राहिली असणार. आणि दुसरं आलं ते त्याहून वाईट. मला राग आला. तीन वर्षं मी या माणसाशी बोलले नव्हते. आता तोच कायमचा बोलायचा थांबला, म्हणजे शेवटचा शब्द पुन्हा त्याचाच.

पुरवणीच्या संपादकांचा फोन आला तेव्हा ते म्हणाले, तुम्ही दिगांबरभाऊंची बहीण, त्यात स्वतः चित्र काढणाऱ्या, तुमच्याकडं गोड आठवणी असतील. गोड आठवणी पाहिजे असतील तर अमरावतीत पोत्यानं मिळतील, कोणीही सांगेल. माझ्याकडं आहेत त्या अशा आहेत.

दिगांबर माझा मावसभाऊ, चार वर्षांनी मोठा. मी त्याला दादा म्हणायची. आम्ही अकोल्याचे, मावशी अमरावतीला दिलेली. देवीच्या देवळाकडं जाणाऱ्या रस्त्यावर त्यांचं हारांचं दुकान. मावशीच्या दिराचा चांदूर बाजारकडं मळा, तिकडून पहाटे झेंडू-शेवंतीची पोती यायची आणि घरातली सगळी माणसं सुई-दोरा घेऊन बसायची. चित्रकलेच्या शिक्षकाचा कोर्स करायला म्हणून मी एकोणिसाव्या वर्षी अमरावतीला मावशीकडं राहायला गेले, तेव्हा दादा दुकानात बसू लागला होता. पाचशे फुलं ओवून झाली की तो हात धुवायचा, टॉवेलनं कोरडे करायचा, मग पुन्हा दुसऱ्या टॉवेलनं कोरडे करायचा, आणि तेव्हा कुठं मागच्या फळीवरचं कॉमिक्स काढायचा. ओल्या हातानं पुस्तकाला शिवायचं नाही. गिऱ्हाईक आलं की पुस्तक बंद, हार द्यायचा, पुन्हा हात धुणं, पुन्हा दोन टॉवेल. मावशी म्हणायची, याचं अर्धं आयुष्य हात पुसण्यात जाणार. गेलंच बाप्पा.

दुकानाबाहेर एक पाटी टांगलेली असायची. लाकडी चौकटीची, काळी, शाळेतल्या फळ्याचं पिल्लू म्हणावं एवढी. तिच्यावर हारांचे प्रकार लिहावे म्हणून मावशीनं ती आणली होती. दादानं तिच्यावर एका शुक्रवारी लिहिलं, ‘या हप्त्यात वाट पाहण्यालायक’, आणि खाली येणाऱ्या कॉमिक्सची नावं. तेव्हा हिंदी कॉमिक्सचा सुकाळ होता. आगगाडीनं गठ्ठे अकोल्याला उतरायचे, तिथून अमरावतीला यायला दिवस-दोन दिवस लागायचे, आणि शाळा-कॉलेजातली पोरं पाटी वाचायला थांबायची. हार घ्यायला आलेल्या बायाही वाचायच्या. नावापुढं दादा खडूनं झेंडूचं फूल काढायचा. पूर्ण फूल म्हणजे पूर्ण वाट पाहा. अर्धं फूल म्हणजे आलं तर पाहा, नाही आलं तर राहू द्या. कळी काढली की समजायचं, या माणसाकडून पुढंमागं काही होईल, आत्ता नाही. आणि प्रत्येकापुढं एक ओळ. ‘सात विहिरी, भाग चार. मागच्या भागात विहिरीत उतरलेली बाई अजून वर आली नाही.’ ‘आकाशचोर. चित्रं पाहा, गोष्ट इसरा.’ ज्याला काहीच द्यायचं नसेल ते पाटीवर यायचंच नाही. वाईट म्हणून दादानं कोणाबद्दल कधी लिहिलं नाही. फक्त नाव नसायचं. लोकांना ते जास्त लागायचं.

मग वाईट दिवस आले. गठ्ठे बारके होत होत बंद पडले, प्रकाशनं बंद पडली, पोरं दुसरीकडं वळली. मी तोवर अकोल्याला शाळेत लागले होते. सुट्टीत अमरावतीला गेले की पाहायची, पाटी टांगलेलीच. दर शुक्रवारी धुऊन नव्यानं लिहिलेलं, ‘या हप्त्यात काही नाही. वाट पाहा.’ कित्येक वर्षं हेच. येणारेजाणारे हसायचे. देवळात जाणारा एक म्हातारा तर रोज विचारायचा, काय गा दिगू, आला का तुहा पाहुणा? दादा हसायचा नाही, चिडायचाही नाही. तेव्हा मला वाटायचं, केवढी चिकाटी. आता वाटतं, चिकाटी कसली, हट्ट. या माणसाला वाट पाहता यायची, बाकी काही यायचं नाही.

आणि लेकाचा खरा निघाला! अलीकडं लहान लहान प्रकाशक उभे राहिले, जुन्या मालिका, अर्धवट राहिलेली ‘सात विहिरी’सुद्धा, पुन्हा सुरू झाल्या, मराठीत कोणी कोणी धाडस करू लागलं. पाटी पुन्हा भरली. आता तिचा फोटो काढून दादा शुक्रवारी सकाळी ग्रुपवर टाकायचा आणि अमरावती, अकोला, पार परतवाडा-दर्यापूरपर्यंतची शे-सव्वाशे माणसं त्याबरहुकूम पुस्तकं मागवायची. त्यात बँकेतले लोक, शिक्षक, एक दातांचे डॉक्टर. पाटीवर नाव आलं की या भागात पुस्तक चाललं, हे प्रकाशकांनाही कळलं होतं. गुरुवारी संध्याकाळी दादाचा मला फोन यायचा. अकोल्याच्या स्टेशनासमोरच्या पुस्तकवाल्याकडं मी शाळा सुटल्यावर चक्कर मारायची आणि काय येणार, काय येऊन राहिलं, ते त्याला सांगायची. पुढची चार पानं पाहायला मिळाली असतील तर त्यांचं वर्णन करायची. "रंगाचं नको सांगू. माणसं चालतात कशी ते सांग," तो म्हणायचा. वीस-वीस मिनिटं हे चालायचं. मी त्याचा अकोल्यातला डोळा होते.

पाटीवर सोयरपण नाही, हे त्याचं ब्रीद. अमरावतीतल्या एका क्लासवाल्या सरांनी स्वतःवरच कॉमिक्स काढलं, खेड्यातून आलेला गरीब मुलगा पुढं मोठा क्लास काढतो, असं. दादाच्या मुलीला ते सर शिकवत होते. घरी येऊन गेले, पेढे ठेवून गेले. शुक्रवारी पाटीवर नाव नाही. सर दुकानासमोर गाडी उभी करून भरपूर बोलले. दादा हार ओवत राहिला आणि शेवटी म्हणाला, "सर, तुमच्या क्लासची वाट पायतो आमी. पुस्तकाची नाई." ही गोष्ट मी अकोल्याच्या स्टाफरूममध्ये इतक्या वेळा रंगवून सांगितली आहे, आणि इतकी हसले आहे, की आज आठवलं तरी कान गरम होतात. दुसऱ्याचं नाव पाटीवर नसलं की तत्त्व फार थोर दिसतं.

आता माझं. मी सहा वर्षं एक कॉमिक्स काढत होते. ‘कमळा कंडक्टर’. अकोला-अमरावती गाडीवरची कंडक्टर बाई. तिच्या गाडीत कोण चोर, कोण पळून चाललेली नवरी, कोण मेलेल्या माणसाचं पेन्शन उचलायला निघालाय, हे तिला तिकीट फाडता फाडता कळतं, आणि मूर्तिजापूर येईपर्यंत ती त्याचा निकाल लावते. सगळे रविवार, सगळ्या सुट्ट्या तिच्यात गेल्या. बस चुकीची नको म्हणून मी एसटी आगारात परवानगी काढून जायची आणि उभ्या गाड्यांचे फोटो घ्यायची. समोरून, मागून, बाजूनं, आतून. खिडक्या मोजून काढल्या. वीस वर्षं ग्रेड परीक्षेला पोरं बसवलेली बाई मी. माझी एक रेघ वाकडी नव्हती. उजेड कुठून येतो, सावली कुठं पडते, सगळं जिथल्या तिथं. दादाला मी पान दाखवलं नाही. तो दर गुरुवारी विचारायचा, "कमळाबाई कुठवर आल्या?" मी म्हणायची, बडनेऱ्यापर्यंत. मला ते एकदम, पूर्ण, त्याच्या हातात द्यायचं होतं. दोन टॉवेलांनी पुसलेल्या हातात. मला पूर्ण फूल पाहिजे होतं, दुसरं काही नको. हे इथं लिहून ठेवते, कारण पुढच्या सगळ्याचं मूळ तेच आहे.

नागपूरच्या एका लहान प्रकाशकानं पुस्तक छापलं. पहिली प्रत मी दादाला पाठवली. आठवडाभर त्याचा फोन नाही. मी समजले, आनंदानं बोलायचं सुचत नसेल… काय माणूस असते मी. प्रकाशन अकोल्यात, आमच्या शाळेच्या सभागृहात, शुक्रवारी अकराला. दादा पहाटेच्या गाडीनं आला. मांडीवर ओल्या फडक्यात गुंडाळलेला हार, पांढऱ्या शेवंतीचा, मध्ये एक-एक तांबडा गुलाब. त्यानं स्वतः ओवलेला. सगळ्यांसमोर माझ्या गळ्यात घातला आणि माझ्या डोक्यावर हात ठेवला. मी रडले. मग पहिल्या रांगेत जाऊन बसला. भाषणं सुरू असताना माझ्या शेजारी बसलेल्या आमच्या शाळेतल्याच एका बाईंनी, ज्या ग्रुपवर होत्या, फोन माझ्याकडं सरकवला आणि हळूच विचारलं, नंदाताई, तुमचं नाव राहिलं का हो? पाटीचा फोटो होता. चार पुस्तकं. दोन पूर्ण फुलं, एक अर्धं, एक कळी. माझी कळीसुद्धा नव्हती.

म्हणजे पहाटे उठून त्यानं आधी पाटी लिहिली, मग माझा हार घेतला आणि गाडीत बसला. एकाच हातानं.

कार्यक्रम संपल्यावर मी त्याला सभागृहाच्या मागं, पाण्याच्या टाकीपाशी गाठलं. म्हटलं, "दादा, पाटीवर माहं पुस्तक नाही."

"नाही," तो म्हणाला.

"काहून?"

त्यानं कोरडेच हात पुन्हा पुसले. "तुही बस चालत नाही, नंदे. लय सुंदर आहे. पन उभी आहे. पयल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत उभी आहे."

"हे आजच सांगायचं होतं तुले?"

"तू आज इचारलं."

मी गळ्यातला हार काढला आणि त्याच्या हातात ठेवला. दिसायला साधी गोष्ट. पण हारवाल्याला त्याचा हार परत करणं काय असतं, हे त्या घरात राहिलेल्या मला माहीत होतं. माहीत होतं म्हणूनच केलं. त्यानं फडक्यात हार पुन्हा गुंडाळला आणि स्टँडकडं चालू लागला. दुपारी मी ग्रुप सोडला.

पुढची तीन वर्षं सांगण्यासारखी नाहीत. पुस्तक या भागात उठलं नाही. पाटीवर नाही म्हटल्यावर कोण घेतो? उरलेले गठ्ठे माझ्या दिवाणाखाली आहेत. मी त्याला राखी पाठवली नाही. भाऊबीजेला गेले नाही. गुरुवारी स्टेशनासमोरून जायचं टाळू लागले, आणि एक रेघही ओढली नाही. लोकांना सांगायची, शाळेची कामं फार वाढली आहेत. खरं म्हणजे कागद समोर घेतला की टाकीपाशी उभा असलेला तो दिसायचा. दर शुक्रवारी सकाळी मात्र शाळेतल्या त्याच बाईंना सहज विचारल्यासारखं विचारायची, काय आलं पाटीवर? त्याही समजून होत्या. दाखवायच्या.

दिवाळीनंतर वहिनींचा फोन आला होता. दादाच्या किडनीचं दुखणं वाढलंय, हप्त्यातून दोनदा दवाखान्यात न्यावं लागते, एकदा येऊन जा. मी म्हटलं, परीक्षा चालू आहेत, सुट्टीत पाहू. परीक्षा होत्याच, खोटं नव्हतं. अकोला ते अमरावती अडीच तासाचा रस्ता. दर अर्ध्या तासाला गाडी. त्या गाडीवर मी एक अख्खं पुस्तक काढलं होतं, आणि मला त्या गाडीत बसवलं नाही. त्याला तरी कुठं फोन करवला? दवाखान्यातून परत येऊन पाटी लिहायला जमत होतं त्याला. फोनचं एक बटण दाबायला जमलं नाही.

तेरवीला गेले. ग्रुपवरची बरीच माणसं आली होती. दिगांबरभाऊ म्हणजे चालतंबोलतं विद्यापीठ, एक जण म्हणाला. दुसऱ्यानं तर सांगितलं की पाटी ही आपल्या वऱ्हाडाची शान आहे, ती बंद पडता कामा नये, एक समिती नेमू. जेवणं उरकली तसे ते ग्रुप कोणी चालवायचा यावरून मांडवातच भांडायला लागले. ते क्लासवाले सरही आले होते. त्यांनी फोटोसमोर हात जोडले आणि शेजाऱ्याला सांगितलं, माझ्या पुस्तकाचं दिगूभाऊला फार कौतुक होतं. मी समोरच होते. कोणत्या तोंडानं बोलणार?

दुसऱ्या दिवशी सकाळी वहिनींनी दुकान उघडलं. लग्नसराई होती, दोरीला लागलेले हात फार दिवस थांबत नाहीत. मी त्यांच्यासोबत ओवायला बसले. तीस वर्षांनी सुई हातात धरली, दोनदा बोटात घुसली. पाटी खिळ्याला होती. मेल्याच्या आधीच्या शुक्रवारची, कोणी पुसली नव्हती. अक्षर हललेलं. एकच नाव, ‘सात विहिरी, शेवटचा भाग. पुढच्या हप्त्यात येते. दोन वर्षं थांबलो, अजून आठ दिवस.’ पुढं पूर्ण फूल.

"आलं थे," वहिनी म्हणाल्या. मागच्या फळीवरून त्यांनी कुरिअरचं पाकीट काढलं. न फोडलेलं, त्याच्या नावाचं. शुक्रवारी तो गेला आणि शनिवारी दुपारी ते येऊन पडलं होतं. वहिनींनी आयुष्यात एक कॉमिक्स वाचलं नाही, पण ओवता ओवता दादाच्या तोंडून सगळी ऐकलेली. त्या म्हणाल्या, "पाहून सांगा ना, त्या बाईचं काय झालं? निंगाली का विहिरीतून?"

मी उठले. हात धुतले. टॉवेलनं पुसले, दुसऱ्या टॉवेलनं पुसले, पाकीट फोडलं आणि तिथंच बसून वाचून काढलं. आणि सांगते, फालतू होतं. बाई वर येते, तिला सगळं स्वप्न पडलेलं असतं, गावाला पाणी मिळतं, संपलं. शेवटची दहा पानं तर दुसऱ्याच कोणीतरी घाईघाईनं काढलेली. मी वहिनींना सांगितलं. त्या सुई थांबवून ऐकत होत्या.

"एवढंच?"

"एवढंच."

"अन् त्याच्यासाठी दोन वर्षं डोक्शं खाल्लं माणसानं माहं." तेरा दिवसांत पहिल्यांदा त्या हसल्या. मलाही हसू आलं, पण त्या हसण्यात काय होतं ते मला चांगलं ठाऊक आहे. मी म्हटलं, "म्हणजे दादा चुकला. पूर्ण फूल दिलं होतं यानं." बोलताना माझा आवाज चढला होता.

"लयदा चुकायचे," वहिनी म्हणाल्या. मग उठल्या, खिळ्यावरची पाटी काढली आणि उलटी करून माझ्या मांडीवर, फुलांवरच ठेवली. "मंग हेबी पाहून घ्या."

पाटीच्या मागच्या बाजूला, भिंतीकडं असायची त्या बाजूला, एकच ओळ होती. ‘कमळा कंडक्टर, भाग दोन.’ पुढं पूर्ण फूल. घाईत मारलेलं गोल गिरगोटं नव्हे, पाकळी पाकळी काढलेलं. खडू गिरवून गिरवून जाड झालेला.

वहिनींनी सांगितलं ते असं. प्रकाशनाच्या दिवशी दादा अकोल्याहून संध्याकाळी परत आला. हार त्यानं आतल्या खुंटीला टांगला, तो वाळून गळेपर्यंत तिथंच होता. मग पाटी उतरवली, तिच्या पाठीवर हे लिहिलं आणि पुन्हा टांगली. दर शुक्रवारी समोरची बाजू धुतली की मागची पुसट झालेली ओळ गिरवायची, हे तीन वर्षं चालू होतं. दवाखान्याच्या दिवशीही. वहिनींनी त्याला म्हटलं होतं की हे नंदाताईंना सांगून टाका, फोन करा. तर म्हणाला, "सांगतलं तं थे माह्यासाठी काढन. मंग बस पुन्हा उभीच राहीन."

वहिनी सुईत दोरा ओवत म्हणाल्या, "मले इचारान तं तुमी दोघंबी सारखेच. एकानं बोलायचं नाही, दुसऱ्यानं यायचं नाही. मधात मी."

मला वाटलं होतं, असं काही सापडलं तर मी ढसाढसा रडेन, मन मोकळं होईल. तसं काही झालं नाही. माझ्या अंगाचा तिळपापड झाला. कोणी सांगितलं होतं तुला माझ्या वतीनं ठरवायला? मी कोणासाठी काढते ते माझं मी पाहिलं असतं. चार शब्द सांगितले असतेस, तर मी कदाचित वाईट पुस्तक काढलं असतं. पण राखी तर आली असती ना, दवाखान्यात तुझ्या उशाशी मी बसले तर असते. असली तत्त्वं चुलीत घाला. हे सगळं मी वहिनींसमोर मोठ्यानं बोलले. त्या म्हणाल्या, फुलं दबून राहिली, पाटी उचला.

पाटी त्यांनी मला दिली. परतीच्या गाडीत ती मांडीवर घेऊन बसले होते. बडनेरा सोडल्यावर कंडक्टर बाई आली, तिशीतली असेल. गाडी खड्ड्यांतून चालली होती. ती बाकाच्या कडेला कंबर टेकवून, एक गुडघा वाकवून, दुसऱ्या पायाचा अंगठा पुढच्या बाकाच्या लोखंडात अडकवून उभी होती, आणि हात मोकळे ठेवून तिकीट देत होती. माझी कमळा सगळ्या पुस्तकात दोन्ही पाय जुळवून ताठ उभी आहे, प्रार्थनेला उभी राहतात तशी. एकोणिसाव्या वर्षापासून या रस्त्यानं जाते-येते मी. बस कशी हलते हे मला माहीत नव्हतं असं नाही. मी ते आगारात उभ्या गाड्यांच्या फोटोंत शोधत बसले. त्याचं बरोबर होतं. हे लिहायला मला तीन वर्षं लागली आणि ऐकायला तो नाही.

आता पाटी माझ्या खोलीत आहे. कोणती बाजू पुढं ठेवावी ते कळत नाही. समोर ‘सात विहिरी’, ज्याची वाट त्यानं फुकट पाहिली. मागं माझी ‘कमळा’. दोन्हींपुढं फूल सारखंच आहे, पूर्ण. आणि पूर्ण फूल चुकू शकतं हे मी तेरवीच्या दुसऱ्या दिवशी माझ्या डोळ्यांनी वाचलंय. म्हणजे तो माझ्याबद्दल बरोबर होता की विहिरीतल्या बाईसारखीच माझीही उगाच वाट पाहत बसला होता, हे आता मीच दाखवायचं. हे काम तो माझ्या गळ्यात घालून गेला. हा हार परत करता येत नाही.

गेल्या शुक्रवारी शाळेला सुट्टी टाकली. पाटीची मागची बाजू समोर ठेवली, हात धुतले, दोनदा पुसले, कागद घेतला. पट्टी नाही, फोटो नाही. आठवून आठवून बस काढली, मूर्तिजापूरच्या वळणावरची, आत कमळा, गुडघा वाकवलेली. दुपारपर्यंत काढत होते. मग लांब धरून पाहिलं.

उभीच होती.

मी पाटीकडं पाहिलं आणि मोठ्यानं म्हटलं, "आता बोल ना, दादा. आता इचारून राहिली मी."